मोलुंगची मंडळी आणि तिची घरे

१८७२ च्या नोव्हेंबर महिन्यात नागा डोंगरांतून नऊ जण आसामच्या मैदानात उतरले, शिवसागरला दिखौ नदीच्या पाण्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते आपल्या गावी परत चढून गेले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या गावात आणखी पंधरा जणांनी बाप्तिस्मा घेतला. २२ डिसेंबर १८७२ हा आजच्या नागालँडमधल्या पहिल्या बाप्टिस्ट मंडळीचा स्थापनादिन मानला जातो. आओ नागांच्या या गावाचे नाव मोलुंगकिमोंग. आसामी लोक त्याला देका हाइमोंग म्हणत. आज ते मोकोकचुंग जिल्ह्यात येते. चोवीस माणसांच्या त्या मंडळीपासून सुरू झालेली गोष्ट २०११ च्या जनगणनेत सुमारे ८८ टक्के ख्रिस्ती लोकसंख्या असलेल्या राज्यापर्यंत येते, आणि या ख्रिस्ती लोकांत बाप्टिस्टांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे.

इतक्या मोठ्या घडामोडीचा इतिहास लिहायचा तर लेखणी आपोआप एका माणसाकडे वळते. एडवर्ड विंटर क्लार्क हा अमेरिकन मिशनरी, त्याचे धाडस, त्याचा शब्दकोश, त्याचे वर्षानुवर्षांचे डोंगरातले वास्तव्य: सगळे काही हाताशी असते. क्लार्कचे मोठेपण मान्य करूनही हे पुस्तक त्याचे चरित्र व्हायचे टाळते. मंडळी स्थापन करणारी घरे इथे मध्यभागी आहेत. कोणत्या घरांनी नव्या धर्माला दार उघडले, कोणत्या घरांनी नकार दिला, कोणती घरे चार वर्षांच्या आत गाव सोडून गेली आणि कोणती जागच्या जागी राहिली, या प्रश्नांभोवती इथली मांडणी आहे. असे करण्याचे कारण बाप्टिस्ट पंथाच्या स्वरूपात आणि आओ गावाच्या रचनेत दडलेले आहे. म्हणून दोन्हींची ओळख आधी करून घ्यायला हवी.

बाप्टिस्ट पंथाची सुरुवात सतराव्या शतकातल्या इंग्लिश बंडखोरांत होते. जॉन स्मिथ आणि त्याच्या सोबत्यांनी १६०९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिली मंडळी उभारली. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. विश्वास ही समजत्या माणसाने स्वतः उच्चारायची गोष्ट आहे, आईबापांच्या धर्माने ती मिळत नाही. पुढे पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणे ही या पंथाची ठळक खूण ठरली. दुसरे तत्त्व कारभाराचे. बाप्टिस्टांत बिशप नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक निवडते, आपले डीकन नेमते, नव्या माणसाची साक्ष ऐकून त्याला सभासद करून घ्यायचे की नाही ते ठरवते आणि चुकलेल्याला बाहेरही काढते. म्हणजे कागदावर तरी ही एकेकट्या माणसांची, स्वखुशीने जमलेली सभा असते.

मराठी वाचकाला या पंथाचे नाव परके वाटले तरी त्याच्याशी आपला जुना संबंध आहे. १७९३ मध्ये बंगालात आलेला आणि १८०० पासून श्रीरामपूरला राहिलेला विल्यम केरी बाप्टिस्ट होता. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये मराठीचा कोश काढला. त्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून आसामी भाषेतला पहिला नवा करारही निघाला, तो पंडित आत्माराम शर्मा यांच्या साहाय्याने. मराठीची छपाई आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले बाप्टिस्ट काम यांची सुरुवात अशी एकाच अंगणात झाली.

आता त्या काळचे आओ गाव. डोंगराच्या माथ्यावर, कुंपण आणि वेशी असलेले, शेजाऱ्यांपासून सावध. आओंच्या आठवणीप्रमाणे त्यांचे पूर्वज चुंगलीयिम्तीजवळच्या लोंगत्रोक या सहा शिळांपासून निघाले. पोंगेन, लोंगकुमेर आणि जमीर ही त्यांची मोठी कुळे. आपल्या कुळात लग्न करायचे नाही हा कडक नियम असल्यामुळे गावात एकाहून अधिक कुळे असावीच लागतात. कारभार ‘पुतु मेंदेन’ या ज्येष्ठांच्या सभेकडे असतो आणि तिथल्या जागा कुळांच्या हक्काच्या असतात. पोरसवदा वयापासून मुलगे ‘अरजू’त, म्हणजे मुलग्यांच्या सामायिक घरात, झोपायला जात. तिथे त्यांना पहारा, शिकार, गाणी, वडीलधाऱ्यांची ओझी वाहणे, सगळे शिकवले जाई. ज्याच्याकडे धान्य आणि मिथुन जनावरे असत तो गावजेवण घालून मान मिळवी आणि विशिष्ट शाल पांघरण्याचा हक्क कमावी. शत्रूचे मुंडके आणणाऱ्याचा मान याहून वेगळा.

या सगळ्याच्या मुळाशी ‘अमुंग’ची प्रथा होती. पेरणीआधी, रोगराई आली असता, कुणाचा अपघाती मृत्यू झाला असता सारे गाव ठरावीक दिवस काम बंद ठेवी, वेशी लावून घेई, बळी देई. एका माणसाने जरी त्या दिवशी शेतात कुदळ मारली तरी कोप सगळ्या गावावर होतो, असा समज. डोंगरउतारावर जंगल तोडून, जाळून, दोन वर्षे पिकवून पुढे सरकणाऱ्या झूम शेतीत हा समज पोटाशी बांधलेला असे. पाऊस चुकला तर घरचे कोठार नव्हे, गावचे कोठार रिकामे राही.

आणि अशा गावात एक धर्म येतो जो म्हणतो की प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा, बळीत भाग घेऊ नये आणि रविवारी काम करू नये. पहिल्या मंडळीचा सगळा ताण या एका ठिकाणी आहे. माणूस एकटा पाण्यात उतरतो, पण त्याचे परिणाम त्याच्या घराला, कुळाला आणि शेजाऱ्यांच्या शेताला भोगावे लागतात. पुढे जे काही घडले, ते या तिढ्यातून घडले.

अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचा या डोंगरांशी संबंध क्लार्कच्या आधीचा आहे. १८३६ मध्ये नेथन ब्राउन आणि ऑलिव्हर कटर हे अमेरिकन बाप्टिस्ट सादियाला पोचले. नजर चीनच्या वाटेवर होती, पण मुक्काम आसामात पडला. १८३९ मध्ये खामती लोकांनी सादियावर हल्ला केला आणि मिशनला तिथून हलावे लागले. त्याच सुमारास माइल्स ब्रॉन्सन नामसांगच्या डोंगरात कुटुंबासह राहायला गेला. लोकांची भाषा शिकून त्याने पुस्तिका काढल्या, पण आजारपण आणि बहिणीचा मृत्यू यांनी त्याचा मुक्काम लवकर संपवला. त्यानंतर तीस वर्षे मिशनचे लक्ष मैदानातच होते. शिवसागरच्या छापखान्यातून १८४६ पासून ‘अरुणोदोई’ हे आसामी मासिक निघू लागले. आसामी भाषेच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. डोंगर मात्र दुरूनच दिसत राहिला.

तरी डोंगर आणि मैदान यांच्यात येजा होती. नागा कापूस, आले, मिरच्या घेऊन खाली उतरत आणि मीठ घेऊन वर जात. १८६९ मध्ये क्लार्क शिवसागरला आला तो छापखाना सांभाळायला. त्याला या येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांविषयी कुतूहल वाटले, पण पहिले पाऊल त्याने टाकले नाही. ते टाकले गोधुला रुफस ब्राउन या आसामी सुवार्तिकाने. त्याला आओ भाषा शिकवली सुपोंगमेरेन या आओ माणसाने. नागा मंडळ्यांच्या इतिहासाची वाट या दोघांपासून सुरू होते आणि दोघांपैकी एकही अमेरिकन नव्हता, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवले पाहिजे.

१८७१ च्या ऑक्टोबरात गोधुला देका हाइमोंगला पोचला. गावाने त्याला इंग्रज सरकारचा हेर समजून झोपडीत पहाऱ्याखाली ठेवले. संशय निराधार नव्हता. मैदानातून आलेल्या अनोळखी माणसामागून फौज आल्याची उदाहरणे या डोंगरांना ठाऊक होती. गोधुला आसामी स्तोत्रे गात बसला. ऐकायला आधी दोघेचौघे आले, मग गर्दी जमली. परतताना गावकऱ्यांनी त्याला मैदानापर्यंत पोचवले. पुढच्या वर्षी तो पत्नी लूसीसह पावसाळाभर तिथे राहिला. भाषणाने न फुटलेले दार गाण्याने किलकिले झाले आणि शेजारी राहण्याने उघडले. लूसीचा उल्लेख जुन्या वृत्तान्तांत ओझरता येतो, पण एकटा पुरुष हेर असू शकतो, संसार घेऊन आलेला माणूस सहसा नसतो. गावाच्या नजरेत तिच्या असण्याला वजन होते, असे मला वाटते.

त्यानंतर ते नऊ जण नदीवर उतरले. डिसेंबरात क्लार्क स्वतः वर गेला आणि मंडळी उभी राहिली. मात्र तो लगेच तिथे स्थायिक होऊ शकला नाही. गाव ब्रिटिश हद्दीच्या पलीकडे होते. १८७३ च्या नियमाने ‘इनर लाइन’ आखली गेली आणि तिच्यापलीकडे जाणाऱ्याची जबाबदारी सरकार घेईना. क्लार्क १८७६ च्या मार्चमध्ये स्वतःच्या हिमतीवर वर राहायला गेला. मधली तीन वर्षे मंडळी तगली ती गोधुलाच्या आणि घरोघरच्या माणसांच्या बळावर. मिशनच्या हिशेबात हा काळ पूर्वतयारीचा ठरतो. माझ्या मते हाच मंडळीचा पाया घालण्याचा काळ आहे, कारण अमुंगच्या दिवशी काय करायचे, शेजाऱ्याला काय उत्तर द्यायचे, मुलाला अरजूत पाठवायचे की नाही, हे प्रश्न तेव्हा त्या घरांना रोज एकट्याने सोडवावे लागले.

क्लार्क आल्यावर ताण कमी झाला नाही, वाढला. नव्या धर्माच्या लोकांनी बळीत आणि लढाईत हात आखडता घेतला. गावाच्या दृष्टीने ही फुटीरता होती, आणि शेजारच्या गावाशी वैर असताना फुटीरता म्हणजे धोका. जुन्या पुस्तकांत विरोध करणाऱ्यांचे चित्र अंधारात चाचपडणाऱ्या माणसांसारखे येते. ते चित्र इथे नाही. ज्यांनी विरोध केला त्यांना आपले गाव सांभाळायचे होते आणि त्यांचा तर्क त्यांच्या जगात पक्का होता.

अखेर २४ ऑक्टोबर १८७६ रोजी पंधरा घरे क्लार्कबरोबर बाहेर पडली आणि त्यांनी नवे गाव वसवले: मोलुंगयिम्सेन. मिशनच्या कथेत हा विजयाचा दिवस आहे. त्या घरांच्या बाजूने पाहिले तर तो आधी वियोगाचा दिवस आहे. झूमची जमीन कुळाची आणि गावाची असते. गाव सोडणारा तिच्यावरचा रोजचा ताबा सोडतो. पूर्वजांची नावे ज्या ठिकाणांना चिकटलेली आहेत ती ठिकाणे मागे राहतात. भाऊ मागे राहतात, सासर-माहेर दोन गावांत विभागते. नवीन जागी पाण्याचा झरा, कुंपण, पहारा, पहिल्या वर्षाचे धान्य, सगळ्याची तजवीज पंधरा घरांना करायची होती, तीही आजूबाजूची गावे संशयाने पाहत असताना. मुंडकी आणण्यासाठी कुणावर चालून जायचे नाही, असे ठरवलेल्या गावाला संरक्षण कोण देणार, हा प्रश्न त्या काळी फार खरा होता.

ही घरे एकेकट्या माणसांची बेरीज नव्हती. नवरा-बायको, मुले, म्हातारे, कुळातले जवळचे असा गोतावळा बरोबर निघाला होता, आणि पुढे ख्रिस्ती न झालेली घरेही या गावात राहायला आली. व्यक्तीच्या निर्णयावर उभा असलेला पंथ आओ डोंगरात घराच्या निर्णयाने रुजला. बाप्तिस्मा मात्र प्रत्येकाला स्वतंत्रपणे, साक्ष देऊनच मिळे. घर आधी येई, घरातली माणसे एकेक करून मंडळीत येत. ही दुहेरी पद्धत कुणी योजनापूर्वक आखली नव्हती, ती या घरांच्या व्यवहारातून घडली. बाप्टिस्ट परंपरेत नागांनी घातलेली ही मोलाची भर आहे, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

मोलुंगयिम्सेनमध्ये जे सुरू झाले त्याचे परिणाम त्या डोंगरापुरते राहिले नाहीत. एडवर्ड क्लार्कच्या पत्नी मेरी मीड क्लार्क यांनी १८७८ मध्ये तिथे मुलींसाठी शाळा काढली. आओ भाषेला रोमन लिपी मिळाली. आओंत चुंगली आणि मोंगसेन या दोन मोठ्या बोली आहेत. मोलुंगची बोली चुंगली असल्यामुळे पुस्तके, शुभवर्तमान, शाळा, उपासना सगळे चुंगलीत झाले आणि तीच प्रमाण ठरली. मोंगसेन बोलणाऱ्या घरांना देवाशी आणि शाळेशी शेजाऱ्याच्या बोलीत बोलावे लागले. भाषेचे प्रमाणीकरण बहुधा राजधानीत होते. इथे ते पंधरा घरांच्या खेड्यातून झाले. मेरी क्लार्क यांचे आओ व्याकरण १८९३ मध्ये आले आणि एडवर्ड क्लार्कचा आओ शब्दकोश १९११ मध्ये. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याचे निधन झाले.

१८८९ मध्ये ब्रिटिशांनी आओ प्रदेश आपल्या राज्यात घेतला. १८९४ मध्ये मिशनचे ठाणे इंपुरला हलले. त्या दशकात आलेल्या तरुण मिशनऱ्यांना जुन्या मंडळीत ढिलाई दिसली. तांदळाची दारू आणि अफू यांवरून सभासदत्वाची कडक झाडाझडती झाली. संस्थापक घरांसाठी हा प्रसंग अवघड होता. ज्यांनी गाव सोडून मंडळी उभी केली, त्यांनाच आता मंडळीत राहण्याची पात्रता नव्याने सिद्ध करायची होती. दारूबंदीचा हा धागा पुढे फार लांब गेला. मंडळ्यांच्या आग्रहाने १९८९ मध्ये नागालँडने संपूर्ण दारूबंदीचा कायदा केला, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

या बदलांची किंमत मोजली गेली. अरजू ओस पडले, गावजेवणे थांबली, त्यांच्याबरोबर गाणी आणि शाली मिळवण्याची रीत गेली. जे. पी. मिल्स हे ब्रिटिश अधिकारी आणि अभ्यासक. त्यांनी १९२६ मध्ये आओंवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात मिशनवर कठोर टीका केली. ती टीका वाचलीच पाहिजे. पण मिल्स ज्या जुन्या व्यवस्थेबद्दल हळहळत होते, ती ब्रिटिश अमलाने, कराने आणि वेठीनेही मोडत होती, आणि तो अंमल चालवणाऱ्यांत ते स्वतः होते. दुसरीकडे, आओ घरांनी जे टाकले ते सगळे हिसकावून घेतले गेले असे म्हणणे म्हणजे त्यांना स्वतःचे मत नव्हते असे म्हणणे. रात्री वेस उघडी ठेवून झोपता येणे, दुसऱ्या गावात बिनधास्त जाता येणे, मुलीला वाचता येणे, हे त्यांनी तोलून पाहिले होते.

मंडळ्यांची संख्या वाढली तशी संघटना आली. आओ मंडळ्यांचा संघ, आओ बाप्टिस्ट अरोगो मुंगदांग, १८९७ चा. सर्व नागा जमातींच्या मंडळ्यांची परिषद १९३७ ची. विसाव्या शतकाच्या मध्याला परदेशी मिशनरी निघून गेले तेव्हा कामाला खीळ बसली नाही. उलट खरी वाढ त्यानंतरची आहे. १९७२ मध्ये शताब्दी झाली, त्या निमित्ताने बिली ग्रॅहम कोहिमाला आले. २०२२ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण झाली. पाळक, डीकन, गायकवृंद, हिशेब, शिस्त, सगळे स्थानिक माणसांच्या हाती आधीपासून होते म्हणून हे शक्य झाले. बाप्टिस्टांचे स्वायत्त मंडळीचे तत्त्व आणि आओंची कुळांच्या संमतीने चालणारी ग्रामसभा यांच्यात एक मेळ होता. दोन्हींना बाहेरचा मालक चालत नव्हता.

साधनांबद्दल थोडे. मेरी क्लार्क यांचे १९०७ चे पुस्तक हा या काळाचा सर्वांत जवळचा लेखी वृत्तान्त आहे. त्याची नजर प्रेमळ आहे आणि मिशनचीही आहे. ते अमेरिकेतल्या देणगीदारांनी वाचावे म्हणून लिहिले होते, हे ध्यानात ठेवून वाचले की त्यातले धान्य आणि भूस वेगळे होते. मिशनचे अहवाल बाप्तिस्मे मोजतात, घरे मोजत नाहीत. घरांचा हिशेब आओ परंपरेत तोंडी असतो: कोण कुठल्या कुळाचा, कुठल्या गावाहून आला, कुणाशी सोयरीक झाली. जमिनीचे आणि मानाचे हक्क त्यावर अवलंबून असल्याने हा हिशेब काळजीपूर्वक जपला जातो. दोन्ही साधनांना एकमेकांसमोर बसवणे, ही या पुस्तकाची पद्धत आहे. जिवंत घराण्यांच्या खाजगी बाबी त्यात आणलेल्या नाहीत.

एक न्याय जुन्या गावालाही द्यायला हवा. मोलुंगयिम्सेन पुढे आल्यावर मोलुंगकिमोंग मागे पडल्यासारखे वाटते. पण मंडळी जन्मली ती तिथे, आणि ज्या घरांनी गाव सोडले नाही त्यांची पुढची पिढीही आपल्या वेळेला, आपल्या अटींवर ख्रिस्ती झाली. एका गावाकडे पहिल्या मंडळीचा मान आहे, दुसऱ्याकडे पहिल्या ख्रिस्ती वसाहतीचा. मागे राहिलेल्यांच्या सबुरीनेही ही मंडळी घडली आहे, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे.

मराठी वाचक हा विषय कोऱ्या मनाने वाचणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी घेतलेल्या बाप्तिस्म्याने एका घराचे काय झाले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपला निर्णय आपल्या काळाने कसा घेतला. आपल्याकडे ती ओढाताण जातीच्या आणि घराच्या उंबऱ्यावर झाली. मोलुंगमध्ये ती गावाच्या वेशीवर झाली. आपल्याकडचा बाप्तिस्मा घेणारा माणूस बहुधा एकटा पडे. तिथे पंधरा घरे एकत्र बाहेर पडल्यामुळे त्यांना एकटे पडावे लागले नाही, आणि म्हणून त्यांचा धर्म परका राहिला नाही, तो गावाचा झाला. धर्मांतराबद्दलचे आपले वाद बहुतेक वेळा धर्म देणाऱ्याभोवती फिरतात: त्याचा हेतू काय, आमिष काय, सत्ता कुणाची. हे प्रश्न योग्यच आहेत आणि त्यांची उत्तरे पुढच्या प्रकरणांत आहेत. पण घेणाऱ्याने काय विचार केला, काय सोडले, काय राखले आणि घेतलेले कसे बदलून टाकले, हे विचारल्याशिवाय कोणत्याही मंडळीचा इतिहास पुरा होत नाही. मोलुंगच्या घरांनी आपल्यापुरते उत्तर दिले आहे. ते पटो न पटो, ते त्यांचे आहे एवढे मान्य करून वाचकाने पुढे जावे.